अलीकडे बघितलेल्या सिनेमांपैकी डोक्यातून जात नाही असा कुठला, आणि का?

प्रश्नात लिहिलंय की नुसतं 'भारी आहे, नक्की बघा' नको, का आवडला ते सांगा, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आणि शेवट सांगितल्याशिवाय मला हे लिहिताच येणार नाही, त्यामुळे ज्यांना स्पॉयलर नकोत त्यांनी आधी सिनेमे बघा आणि मग या.

गेल्या पंधरा दिवसांत तीन बघितले, तिन्ही कोर्टाचे. आधीपासून असं काही ठरलं नव्हतं, पहिला '१२ अँग्री मेन' (१९५७) बघितला आणि मग तसलंच अजून काहीतरी बघावंसं वाटत राहिलं.

'१२ अँग्री मेन'ची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. एका पोरावर बापाच्या खुनाचा आरोप, बारा ज्युरी (म्हणजे निकाल ठरवायला बसवलेले साधे नागरिक) एका खोलीत बंद, अकरा जण म्हणतात दोषी आणि एकटा हेन्री फोंडा म्हणतो की थांबा, आधी बोलू तरी. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट, त्याचा हा पहिलाच सिनेमा, आणि दीड तासात खोलीच्या बाहेर आपण जेमतेम काही मिनिटं असतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा शेवटाकडे जीव गुदमरल्यासारखा झाला होता पण का ते कळलं नव्हतं. नंतर वाचलं की कॅमेरा सुरुवातीला माणसांच्या नजरेपेक्षा वर ठेवलाय, मग नजरेच्या पातळीवर येतो आणि शेवटच्या भागात खाली जातो, शिवाय लेन्सही बदलत जातात, त्यामुळे भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात आणि वर छत दिसायला लागतं. यावेळी मी मुद्दाम छताकडे लक्ष ठेवून बसले होते आणि खरंच, कधी दिसायला लागलं ते कळतच नाही, एकदम जाणवतं की अरे हे मघाशी नव्हतं.

पण मला सांगायचाय तो सीन वेगळाच आहे. त्या पोराचं म्हणणं असतं की खून झाला तेव्हा मी सिनेमाला गेलो होतो, पण पोलिसांनी विचारलं तर त्याला ना सिनेमाचं नाव आठवतं ना नटांची. झालं, सगळ्यांना वाटतं खोटं बोलतोय. आता ज्युरींमध्ये एक शेअर दलाल आहे, चष्मेवाला, एवढ्या उकाड्यात कोट घालून बसलेला आणि मला घाम येतच नाही म्हणणारा. फोंडा त्याला शांतपणे विचारत जातो की काल रात्री काय केलं, परवा काय केलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी. तो सिनेमाला गेलेला असतो. कुठला सिनेमा? एक नाव सांगतो, जोडीला दाखवलेल्या दुसऱ्याचं नाव चुकतं, नटांची नावं तर येतच नाहीत, आणि तेव्हा तो कपाळावरचा घाम पुसतो. बस, एवढंच. कोणी ओरडत नाही की टेबलावर हात आपटत नाही. बाप शेजारच्या खोलीत मरून पडलेला असताना पोराला नावं आठवली नाहीत यावरून त्याला फाशी द्यायला निघालेला माणूस, आणि स्वतःला साधं चार दिवसांपूर्वीचं आठवत नाही.

(याचाच हिंदी अवतार म्हणजे बासू चॅटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला', १९८६ चा. पंकज कपूर आणि अन्नू कपूरसाठी तरी बघाच, म्हाताऱ्या ज्युरीच्या कामात अन्नू कपूर आहे आणि तेव्हा तो स्वतः चांगला तरुण होता हे पटत नाही.)

त्या सीननंतर मी माझ्या दादाला विचारलं की मागच्या महिन्यात आपण बघितलेल्या त्या मारामारीच्या सिनेमात शेवटी काय झालं रे, तर दोघांनाही धड सांगता येईना. बघताना मजा आली होती पण हाताला काहीच लागलं नव्हतं. तेव्हापासून माझं मत बनवायची पद्धतच बदललीय, सिनेमा संपल्या संपल्या काही बोलायचं नाही, आठवड्याने जे आपणहून आठवतं तेच खरं मत.

दुसरा बघितला 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल', जस्टिन त्रिएचा फ्रेंच सिनेमा, २०२३ ला कान चित्रपट महोत्सवात पाम दोर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. नवरा बर्फातल्या घराच्या वरच्या मजल्यावरून पडून मरतो, बायकोवर खटला, आणि मुलगा, ज्याला नीट दिसत नाही, तो साक्षीदार. त्यातली आठवण म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणाचं रेकॉर्डिंग. कोर्टात टेप सुरू होते, सिनेमा आपल्याला त्या भांडणात घेऊन जातो, आपण दोघांचे चेहरे बघतोय, कोण बरोबर ते ठरवतोय, आणि नेमकी हाणामारी सुरू होते तेव्हा आपण परत कोर्टात, आता फक्त आवाज. काच फुटल्याचा, मारल्याचा. कोण कोणाला मारतंय ते दिसत नाही. मला वैतागच आला होता खरं तर, पण कोर्टातल्या लोकांना जेवढं मिळालं तेवढंच आपल्यालाही मिळतं आणि हे मला फार प्रामाणिक वाटलं. तिने मारलं की नाही याचं पक्कं उत्तर शेवटपर्यंत नाही. ज्यांना ते लागतंच त्यांनी हा बघू नये असं माझं स्पष्ट मत.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय तो, चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. २०१४ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. एका लोकशाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे मॅनहोल साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. कॅमेरा बहुतेक वेळ लांब उभा, हलत नाही, जवळ जात नाही, संगीत लावून इथे रडा असं सांगत नाही. बरेच जण म्हणतात संथ आहे, दादाही अर्ध्या तासात म्हणाला काही घडतच नाहीये. मला हे पटत नाही. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते तो भाग बघा. ती अगदी साध्या आवाजात सांगते की तो खाली उतरायच्या आधी आत खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे, मग उतरायचा. वकील प्रश्न विचारतोय, जज ऐकून लिहून घ्यायला सांगतोय, तिच्या बोलण्याची तिथल्या तिथे नोंद होतेय. सेफ्टीचं सामान नव्हतं हेही तसंच. त्या बायकोचं काम करणाऱ्या उषा बाणे यांचा नवराही प्रत्यक्षात मॅनहोलचंच काम करायचा. कॅमेरा जवळ गेला असता तर मी तिच्या डोळ्यांत पाणी आहे का ते शोधत बसले असते. तो जात नाही म्हणून मी खडा आणि झुरळ ऐकलं. अजूनही रस्त्यावर झाकण उघडं दिसलं की पाय थबकतो.

शेवटी सुट्टी लागते, कोर्टाचे दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळाच राहतो. दादाला वाटलं संपला, तो उठला, मी म्हटलं बस. मग जजसाहेब सहलीला गेलेले दिसतात, बाकावर डुलकी घेताहेत, पोरं ओरडून त्यांना दचकवतात आणि पळतात, एक हाताला लागतो त्याला ते थोबाडीत मारतात आणि परत डोळे मिटतात. दादा उभ्या उभ्याच बघत होता. नंतर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, तो खड्याचा भाग परत लाव.