अण्णांच्या फायली गेलेल्या नाहीत

*ताई, माझे वडील, अण्णा (वय ७४, निवृत्त मराठी शिक्षक), साताऱ्यात राहतात. लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ त्यावर चढत नाही. म्हणून दिवाळीत अण्णा दुपारी झोपले असताना मी विंडोज पुसून त्याच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकली. कागदपत्रं आधी पेन ड्राइव्हवर घेऊन परत ठेवली. लॅपटॉप पळायला लागला. पण अण्णांनी ज्येष्ठ नागरिक संघाचं परिपत्रक उघडलं तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! "माझं सगळं लिखाण घालवलंस" म्हणाले आणि लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. आता सूचना हाताने लिहून झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतात. फोनवर माझ्याशी "बरं" एवढंच. भाऊ म्हणतो, गुपचूप पुन्हा विंडोज टाक. काय करू?*
*– मिंटवाला मुलगा, पुणे*

मिंटवाल्या, आधी फोन उचल आणि अण्णांना सांग की फायली शाबूत आहेत. बाकीचं पत्र नंतर वाच.

सांगितलंस? आता ऐक. अण्णा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करत असणार, त्यांच्या पिढीतले बरेच जण करतात. युनिकोड (मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवायची पद्धत) सगळीकडे पोचायच्या आधीची ही युक्ती. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. तू कागद उचलून आणलेस, कपडे विंडोजबरोबर पुसून टाकलेस. तो फॉन्ट मिळवायचा, त्याच्या फाइलवर दोनदा क्लिक करायचं, इन्स्टॉलचं बटण दाबायचं. अक्षरं जागच्या जागी येतील. मांडणी थोडी इकडेतिकडे सरकेल, कारण आता वर्डच्या जागी लिबरऑफिस आहे. तेवढं चालतं.

पण तेवढ्यावर हात झटकू नकोस. लिबरऑफिसच्या टूल्समध्ये ऑटोकरेक्टचे पर्याय आहेत, त्यात वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करणारी खूण काढ, अवतरणचिन्हं बदलणारीही काढ. या फॉन्टमध्ये लहान आणि मोठं इंग्रजी अक्षर म्हणजे दोन वेगळी मराठी अक्षरं. अण्णा एक लिहायला जातील आणि उमटेल भलतंच. शब्दाखालच्या लाल रेघाही बंद कर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई चालवलेल्या माणसाला स्वतःच्या ओळीओळीखाली लाल रेघ बघायला लागली, तर कपाटच काय, ते लॅपटॉप माळ्यावर टाकतील.

आता तुझं चुकलं कुठे ते बोलूया. मिंट निवडलंस यात मला काहीच वावगं दिसत नाही. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ते बरं चालतं, खालच्या डाव्या कोपऱ्यातला मेनू विंडोजसारखाच वाटतो, आणि मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. पण हेच मिंट डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून सुरू करून दाखवता येतं. अण्णांना शेजारी बसवून, त्यांचंच एक परिपत्रक उघडून बघितलं असतंस, तर फॉन्टचा घोळ चहा संपायच्या आत कळला असता. तू झोपेची वेळ साधलीस. का? कारण ते "कशाला?" विचारतील हे तुला ठाऊक होतं.

मी एकदा माहेरी गेले असताना आईचा मिसळणाचा डबा घासूनपुसून लख्ख केला आणि वाट्या माझ्या मनाने लावल्या. आईला मोतीबिंदू. तिचा हात डोळ्यांशिवाय मोहरीकडे जायचा. आठवडाभर मोहरीऐवजी जिरं पडत होतं आणि मी म्हणत होते, "अगं, किती स्वच्छ दिसतोय बघ!" त्यामुळे तुला फार रागावायचा हक्क मला नाही.

गुपचूप पुन्हा विंडोज टाकायचा भावाचा सल्ला मात्र ऐकू नकोस. विंडोज टाकायला हरकत नाही, माझं भांडण त्या "गुपचूप"शी आहे. एका शनिवारी साताऱ्याला जा. "अण्णा, विचारायला हवं होतं, चुकलं माझं" एवढं म्हण आणि थांब. त्यापुढे "पण" जोडू नकोस. मग फॉन्ट टाकून त्यांचं परिपत्रक त्यांच्यासमोर उघड, त्यांच्याच हातून प्रिंट काढून घे (प्रिंटर आधी तपास, काही जुने प्रिंटर लिनक्सला दाद देत नाहीत), आणि मग विचार की हे ठेवायचं का जुनं परत हवं. जुनं म्हणाले तर जुनं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले तरी सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, तोवर पुढचं बघता येईल.

ठेवायचं म्हणाले, तर मेनू इंग्रजीतच राहू दे. मराठीचे मास्तर असले तरी "फाइल, सेव्ह, प्रिंट" हेच शब्द त्यांच्या हाताला सरावलेले आहेत, "जतन करा" शोधायला लावू नकोस. मिंटमधलं टाइमशिफ्ट चालू करून ठेव, म्हणजे एखाद्या अपडेटने सिस्टिम बिघडली तर आदल्या दिवसावर परत येता येईल. फायलींचा बॅकअप मात्र वेगळाच घ्यायचा, टाइमशिफ्ट त्या सांभाळत नाही.

आणि पासवर्ड. तू तो स्वतःकडेच ठेवला असशील अशी मला दाट शंका आहे, "उगाच काहीतरी दाबतील" म्हणून. अपडेटच्या वेळी मशीन पासवर्ड मागणार आणि अण्णा स्वतःच्या लॅपटॉपसाठी पुण्याला फोन लावणार! त्यांना त्यांचा पासवर्ड ठरवू दे आणि त्यांच्या डायरीत त्यांच्या अक्षरात लिहू दे. सुरक्षिततेचे पंडित डायरीला नाक मुरडतील, मुरडू देत.

राहता राहिला फॉन्ट, जो तू पुसून बसला आहेस. अण्णा सूचना टाइप करून घेतात त्या झेरॉक्सवाल्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन जा. त्याच्याकडे तो नक्की असणार. अण्णांना सोबत ने, त्यांची तिथे ओळख आहे.