‘महर’ म्हणजे महाग नव्हे

जावा बेटावरच्या जोगजाहून केरिस, म्हणजे तिथला पारंपरिक खंजीर, घेऊन आलेल्या एका वाचकाने पात्याचा फोटो पाठवून विचारलं आहे: “दुकानदाराच्या चिठ्ठीवर ‘तांगुह मजापहित’ असं लिहिलंय आणि खाली ‘महर’ म्हणून आकडा घातलाय. तांगुह म्हणजे कालखंड ना? आणि महर हा आपल्या ‘महार्घ’चाच अपभ्रंश असेल का?”

आधी एक विनंती. केरिसला ‘जावाची कट्यार’ म्हणणं कृपा करून थांबवा. हल्ली जिथे तिथे तेच कानावर येतं. कट्यारीची मूठ आडवी, दोन पट्ट्यांच्या मध्ये, ठोसा मारतात तशी खुपसायची. केरिसची मूठ पिस्तुलासारखी वाकलेली. नागमोडी पातं बघून कुणी ‘बिचवा’ म्हटलं तर एक वेळ समजू शकतं, पण सरळ पात्याच्या केरिसही पुष्कळ असतात.

आता तांगुह. जावानीत त्याचा अर्थ अंदाज. पात्याचा घाट, लोखंडाचा पोत, वजन हे सगळं पाहून जाणकार सांगतो की ही मजापहित या जुन्या जावानी राज्याच्या धाटणीची, ही तुबान बंदराच्या, ही माताराम राज्याच्या. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, अजमास. तो फारसी ‘आज्माइश’वरून आला, म्हणजे मुळात पारख, परीक्षा, पारखून बांधलेला अंदाज तो अजमास. तांगुहचं भाषांतर ‘कालखंड’ असं करणारे भले भले आहेत, आणि ते साफ चुकतात. धाटणी उतरवता येते. पूज्य मानलेल्या जुन्या केरिसबरहुकूम घडवलेल्या पात्याला जावात ‘पुत्रन’ म्हणतात, आपल्या ‘पुत्र’वरूनच. मुलाचा तोंडवळा बापासारखा आहे म्हणून मुलाचं वय बापाएवढं धरायचं का?

झिजलेलं पातं हाही पुरावा नव्हे. सोमल आणि लिंबाच्या रसाने वर्षानुवर्षं धुतल्यावर लोखंड झिजतं हे खरं, पण ॲसिडमध्ये बुडवलं की तेवढंच झटपट झिजतं. अंगावर साल कोरलेली केरिस अगदी विरळा. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयातल्या, तांब्याच्या पातळ पत्र्याने मढवलेल्या प्रसिद्ध केरिसवर 1264 हा आकडा आहे, आणि तो शकाचा. म्हणजे आपल्या पंचांगातलेच शके. 78 मिळवा, इ. स. 1342.

पण मला बोलायचंय ते ‘महर’बद्दल. तो महार्घ नव्हे. तो अरबी आहे, निकाहात नवऱ्याने वधूला द्यायचा मेहेर. केरिसचा सौदा करताना जावात किंमत हा शब्द टाळतात. महर म्हणतात, नाहीतर ‘मास काविन’, म्हणजे लग्नाचं सोनं. केरिस विकायची नसते, तिला दुसऱ्या घरी द्यायची असते.

तुमचा नेम चुकला, पण किती थोडक्यात! दुकानदाराने जो शब्द टाळला तो ‘हर्गा’. इंडोनेशियन भाषेत हर्गा म्हणजे किंमत, जावानीत ‘रेगा’, आणि मूळ संस्कृत ‘अर्घ’, म्हणजे मोल. त्याच अर्घाचा महार्घ झाला, प्राकृतात महग्घ आणि मराठीत महाग. उलट बाजूने समर्घ, समग्घ आणि आपला सवंग. सवंग म्हणजे स्वस्त! आज सवंग म्हणजे फक्त उथळ, बाजारू. ‘यंदा ज्वारी सवंग झाली’ असं म्हटलं तर लोक दचकून बघतात. हर्गा, महाग आणि सवंग ही एका घरची भावंडं आहेत. पूर्वेकडच्या भाषांतले सोवळे, आदराचे शब्द संस्कृतच असणार असं ठामपणे लिहिणाऱ्यांनी हे नीट पाहावं. इथे भाव करायचा शब्द संस्कृतातून आला आणि आदर राखायचा अरबीतून.

तुमच्या फोटोत पात्यावर पांढुरके ठिपके विखुरलेले दिसतात. या नक्षीला ‘वोस वुताह’ म्हणतात, सांडलेले तांदूळ. नवी सून उंबऱ्यावरचं माप लवंडते तेव्हा दिसतात ना, अगदी तसे. पात्यावरच्या नक्षीला एकूण ‘पामोर’ म्हणतात, ‘अमोर’ म्हणजे मिसळणे यावरून. दोन जातींचं लोखंड एकत्र ठोकून घडवलं की ती थरांतून वर येते; ॲसिडने खोदलेली वरच्यावरच राहते. भिंग घेऊन ठिपक्यांच्या कडा बघा. मुठीखालचा ‘गोंजो’ हा बहुधा वेगळा जोडलेला तुकडा असतो, त्याचा सांधाही बघा. चांगल्या कारागिराचा सांधा शोधावा लागतो.

आणि पातं नवं निघालं तरी हिरमुसू नका. 1945 नंतर, म्हणजे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यानंतर, घडलेल्या केरिसला ‘कामारदिकान’ म्हणतात, स्वातंत्र्यातली. त्यातला ‘मरदेका’, म्हणजे स्वतंत्र, संस्कृत ‘महर्द्धिक’ (महा + ऋद्धी) यावरून आला आहे. तुम्ही चिठ्ठीवर शोधत होतात तो ‘महा’ इथे सापडतो.