शाळेतली नोकरी सोडून ई-लर्निंगमध्ये यावं का?

तुम्ही विचारलंय की बी.एड. झाल्यावर शाळेत विज्ञान शिकवलंय, तर आता इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे कंपन्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षणाचे कोर्स लिहिणारा, होता येईल का आणि त्यासाठी स्टोरीलाइनचा, म्हणजे असे कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरचा, महागडा कोर्स करावा का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, आत्ता तरी नको.

मी पुण्यात याच धंद्यात आहे, आधी नोकरी केली, आता स्वतंत्र कामं घेतो. स्टोरीलाइन ट्रायलवर घेऊन घरबसल्या शिकता येतं. पॉवरपॉइंटवर हात बसलेला असेल तर फारसं जड जात नाही. आणि टूल कायमचं नसतं. फ्लॅश हे पूर्वी असे कोर्स बनवायचं टूल होतं; 2020 संपताना अडोबीने ते बंद केलं, तेव्हा फक्त फ्लॅश येणाऱ्यांची पंचाईत झाली. कोर्स लिहिता येणाऱ्यांना मात्र जुने कोर्स एचटीएमएल5 मध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये थेट चालतील असे, नव्याने करायची कामं मिळाली.

खरं काम स्टोरीबोर्डचं. वर्ड नाहीतर पीपीटीत प्रत्येक स्क्रीन मांडायचा: पडद्यावरचा मजकूर, निवेदन, चित्र काय हवं, डेव्हलपरसाठी सूचना. त्यासाठीचा माल एसएमईकडून, म्हणजे विषयाच्या जाणकाराकडून काढायचा, आणि तिथेच कस लागतो. त्याला सगळंच महत्त्वाचं वाटत असतं.

उदाहरण देतो. कारखान्यात मशीन दुरुस्तीला घेताना वीज तोडून स्विचला कुलूप घालतात, लॉकआउट-टॅगआउट म्हणतात त्याला. ज्याचं कुलूप, किल्लीही त्याच्याकडेच. यावरच्या कोर्ससाठी जाडजूड पीपीटी येते: व्याख्या, इतिहास, कायदा, कंपनीचं धोरण. शेवटी प्रश्न, "लॉकआउट म्हणजे काय?" चार पर्याय, सगळ्यात लांबलचक तोच बरोबर. मशीनला हात न लावलेला माणूसही पास होतो.

त्याऐवजी असं विचारा: शिफ्ट संपत आलीय, लाइन अडकून पडलीय, सुपरवायझर घाई करतोय. स्विचवर कुलूप आहे ते मेंटेनन्सवाल्याचं आणि तो घरी निघून गेलाय. तुम्ही काय कराल? आता एसएमईला धोरण बाजूला ठेवून सांगावं लागतं की अशा वेळी कोणाला फोन करायचा, दुसऱ्याचं कुलूप काढायची परवानगी कोण देतं, त्याआधी काय तपासायचं. कोर्स तिथून सुरू होतो. व्याख्या दोन ओळींत आटपते.

तुम्ही वर्गात "समजलं का?" विचारल्यावर सगळी मुलं "हो" म्हणतात आणि तरी कोणाला समजलं नाही हे तुम्हाला चेहऱ्यावरून कळतं. इथे चेहराच नसतो. कोर्स स्कॉर्म नावाच्या ठरावीक साच्यात बांधून कंपनीच्या एलएमएसवर, म्हणजे प्रशिक्षणाची नोंद ठेवणाऱ्या सिस्टीमवर, चढवतात; तो तिला एवढंच कळवतो: पूर्ण झालं की नाही, किती गुण, किती वेळ. लोक आवाज बंद करून नेक्स्ट-नेक्स्ट करत जातात आणि कंपनीच्या रिपोर्टमध्ये सगळं हिरवंगार. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने 1959 पासून प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, कंपनीला फरक पडला का. बहुतेक क्लायंट पहिल्या दोनवर थांबतात. तिसरीसाठी काही आठवड्यांनी शॉप फ्लोअरवर जाऊन बघावं लागतं आणि त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं. ही या धंद्यातली गैरसोयीची गोष्ट आहे, आधीच माहीत असलेली बरी.

आज एआय स्टोरीबोर्डचा पहिला खर्डा आणि निवेदनाचा आवाज दोन्ही स्वस्तात देतं. व्याख्या लिहिणाऱ्यांची कामं त्यामुळे कमी होताहेत. वरच्यासारखा प्रसंग एसएमईकडून काढून घ्यायला मात्र अजून माणूस लागतो.

तेव्हा स्टोरीलाइनच्या कोर्सचे पैसे वाचवा आणि एक नमुना करा. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल हाताळण्यावर दहा स्क्रीनचा स्टोरीबोर्ड लिहा, प्रयोगशाळा सहायकालाच एसएमई करा. मुलाखतीत प्रमाणपत्राआधी नमुनाच मागतात.

इंग्रजीचं म्हणाल, तर पुण्यातल्या बऱ्याच कंपन्यांचे क्लायंट परदेशी आहेत, त्यामुळे लिहिण्याचं इंग्रजी साधं आणि बिनचूक हवं. बोलण्यात अडखळलात तरी निभावतं. आणि पुढे कधी फ्रीलान्स केलंत, तर रिव्ह्यूच्या किती फेऱ्या हे कोटेशनमध्येच लिहा, नाहीतर क्लायंट "एवढंच जरा बदला" म्हणत दिवाळीपर्यंत पिच्छा सोडत नाही.