तालुका दुष्काळाच्या यादीत नसला तरी विहिरीचे माप आताच घ्या

आपण जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातून विचारले आहे, की शेजारचा अंबड तालुका 31 ऑक्टोबर 2023 च्या दुष्काळाच्या यादीत आला आणि आपला आला नाही. तेव्हा परिस्थिती तितकी वाईट नाही असे धरून दोन एकर मोसंबी राखावी आणि शिवाय विहिरीवर हरभराही करावा का. माझी कळकळीची विनंती आहे, की हा निर्णय यादीवरून करू नका. ती यादी सरलेल्या खरिपाची आहे आणि आपली चिंता येत्या मे महिन्याची आहे.

यंदा, 2023 साली, राज्याने 40 तालुके जाहीर केले, त्यांपैकी 24 गंभीर आणि 16 मध्यम. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनुसार आधी पावसाची तूट आणि खंड पाहतात, मग उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा, पेरणीचे क्षेत्र, धरणसाठे आणि भूजल तपासतात, आणि शेवटी तालुक्यातल्या 10 टक्के गावांत शेतावर जाऊन नुकसान पाहतात. माझ्या मते जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याखालच्या उसामुळे तालुक्याची हिरवाई आहे त्यापेक्षा बरी दिसू शकते, आणि कालव्याचे पाणी न पोहोचणाऱ्या कोरडवाहू शिवाराचे हाल त्या सरासरीत झाकले जातात. परवाच, नोव्हेंबर 2023 मध्ये, सरकारने यादीबाहेरच्या सुमारे हजार महसूल मंडळांतही (तालुक्यातल्या गावांच्या गटांतही) दुष्काळसदृश परिस्थिती मान्य केली आहे. आपले मंडळ त्यात आहे का, हे तलाठ्याकडे अवश्य पाहा. कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, कर्जवसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्काची माफी या सवलती त्यावर अवलंबून आहेत. पण त्या सवलतींनी विहिरीत पाणी येत नाही.

ऑगस्टचा खंड आपण सर्वांनी पाहिला. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि सोयाबीन नेमके फुलोऱ्यात होते. सप्टेंबरच्या पावसाने रान हिरवे झाले, म्हणून अनेकांना हायसे वाटले. परंतु आमच्याकडे त्या पावसाने एकही नाला वाहिला नाही. गेल्या आठवड्यात मी काळ्या रानात टिकाव मारून पाहिला, तर वरची वीतभर माती ओलसर लागली आणि तिच्याखाली कोरडी, कठीण ढेकळे निघाली. एरवी दिवाळीत याच रानात हातभर खालच्या मातीचा मुठीत गोळा होतो आणि शाळू (रब्बी ज्वारी) त्याच ओलीवर कणसात येतो. परतीचा पाऊस आता संपला आहे. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापण्याची स्थिती, हिवाळाभर राहण्याचा अंदाज आहे, आणि अशा वर्षी ईशान्य मोसमी पाऊस बरा झाला तरी त्याचा लाभ तमिळनाडूला होतो, मराठवाड्याला क्वचितच. थोडक्यात, जूनपर्यंत नव्या पाण्याची आशा धरू नये.

जायकवाडीवर भिस्त ठेवावी, असेही आपण सुचवले आहे. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, पूर्ण भरल्यावरचा उपयुक्त साठा 76.65 टीएमसी (अब्ज घनफूट), तो ऑक्टोबरच्या मध्यावर निम्म्याहूनही कमी होता. 65 टक्क्यांखाली असल्यामुळेच वरच्या आणि खालच्या धरणांत पाणी न्याय्य वाटण्याच्या (समन्यायी वाटपाच्या) नियमाने 30 ऑक्टोबरला वरच्या धरणांतून 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, पण हे लिहीपर्यंत, नोव्हेंबर 2023 मध्ये, दरवाजे उघडलेले नाहीत, आणि जे सुटेल त्यातले कोरड्या नदीपात्रात मुरेल ते वेगळेच. पिण्याचे पाणी राखून शेतीला कालव्याची किती आवर्तने (पाण्याच्या पाळ्या) मिळतील, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून विहिरीकडे वळतो. संध्याकाळी मोटार बंद करताना दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा, पहाटे पुन्हा मोजा, आणि रात्रीतून किती फूट चढले ते लिहून ठेवा. असे तीन-चार दिवस करा. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी म्हणजे साधारण 89 हजार लिटर होते. हरभऱ्याला एक एकरभर सहा सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर सुमारे 2 लाख 43 हजार लिटर लागतात. म्हणजे दिसणारे पाणी एका एकराच्या एका पाळीलाही पुरत नाही, सारा आधार पाझराचा आहे. आपल्या बेसॉल्टच्या खडकात पाणी धरणारा थर मुख्यतः वरचा, मुरमाचा. तो रिकामा झाला की पाझर झपाट्याने आटतो, आणि शेजारी बोअर मारून तो सहसा वाढत नाही. आहे तेच पाणी वाटले जाते.

मोसंबीचा हिशोबही मांडा. एकरी 110 झाडे आणि ऐन उन्हाळ्यात झाडाला रोज 100 लिटर धरले, तर ठिबकवरही दोन एकरांना रोज 22 हजार लिटर हवेत. वरच्याच विहिरीत हे म्हणजे रोज अडीच फूट चढ, तोही मे महिन्यात. 2012 साली मी हा हिशोब केला नाही. हरभरा केला, बागेचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरला, आणि फेब्रुवारीत विहीर तळाला गेली. मार्चपासून टँकर विकत घेतले, तरी अकरा वर्षांची साठ झाडे मला सरपणासाठी तोडावी लागली. त्या वर्षी जालना जिल्ह्यात असंख्य बागा अशाच गेल्या.

तेव्हा माझा सल्ला असा, की यंदा विहिरीवर हरभरा करू नये, आंबे बहार धरू नये, हलकी छाटणी करून प्रत्येक आळ्यात सोयाबीनच्या भुसाचे जाड आच्छादन आताच टाकावे आणि झाडे केवळ जगवावीत. शाळू पेरलेला असेल तर दाण्याची आशा सुटली तरी तो मोडू नका; उन्हाळ्यात कडब्याला मोल येईल. वीस फुटी विहिरीत पहाटेचा चढ आजच अडीच फुटांपेक्षा कमी भरला, तर दोन्ही एकर वाचवण्याचा हट्ट सोडून चांगली एक एकर निवडावी लागेल. विहिरीचा व्यास, आजची पातळी आणि रात्रीचा चढ हे आकडे इथे लिहा. झाडांचे वय कळवले, तर कोणती राखावीत हेही आपण मिळून ठरवू.