ऑफसेट कोण टाकतं, ते आधी विचार

चि. पोरा,
अनेक आशीर्वाद.

आयटीआयच्या टर्नर ट्रेडचा निकाल लागला म्हणून पेढे घेऊन आलास आणि जाताना उंबऱ्यात विचारलंस, "काका, सगळं मशीनच करणार, मग आमचं काय?" घरात पाहुणे होते, म्हणून आता लिहितोय.

भोसरीत आमच्या शॉपमध्ये पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं लेथ, आलं, तेव्हा मी साध्या, हाताने चालवायच्या लेथवर होतो. नारळ फुटला, आणि वर्षभरात चौघांना घरी जावं लागलं. त्यातले दोघे माझ्यापेक्षा चांगले कारागीर होते, हे आजही सलतं. पण मशीनने नुसती माणसं कमी केली नाहीत, टर्नरचे दोन तुकडे केले. सेटर प्रोग्रॅम लावतो, टूल बसवतो, पहिला पीस पास करून घेतो. ऑपरेटर चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब (कापायचा तुकडा) घालतो, दार ओढतो, सायकल स्टार्ट दाबतो. रोबोचा हात येतो तो या दुसऱ्याच्या जागी.

समज, २५ मिलिमीटरचा शाफ्ट चाललाय. दोनेकशे पीसनंतर माप २५.०२ येऊ लागलं. मशीन बिघडलेलं नाही, इन्सर्टचं, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या पात्याचं, टोक झिजलंय. एक्समध्ये (व्यासाच्या दिशेत) उणे ०.०२ ऑफसेट टाकला, म्हणजे माप तेवढं कमी कर असं मशीनला सांगितलं, की माप जागेवर. पण किती वेळा टाकायचा आणि इन्सर्टची धार कधी बदलायची, हे चिपचा (कापताना निघणाऱ्या किसाचा) रंग आणि कटचा आवाज सांगतो. म्हणून इंटरव्ह्यूला गेलास की पगाराआधी विचार, "इथे ऑफसेट कोण टाकतं?" ऑपरेटरला हात लावू देत नसतील, तर सहा महिन्यांच्या वर तिथे थांबू नकोस. ठेकेदाराच्या रोलवर घेत असतील तर त्याहून कमी.

आणखी एक. शॉप कुठला पार्ट बनवतं ते बघ. आकुर्डीत पूर्वी पेट्रोलची चेतक स्कूटर बनायची, आता तिथेच विजेवरची बनते. तिच्यात पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही. मोटरला शाफ्ट मात्र लागतोच, गिअर लागतात, ब्रेक लागतो. नुसत्या पिस्टनवर जगणाऱ्या शॉपमध्ये शिकायला जा, पण घराचा हप्ता त्याच्या भरवशावर घेऊ नकोस.

माझा ०-२५ मिलिमीटर मोजणारा मायक्रोमीटर कपाटात पडून आहे. रविवारी येऊन घेऊन जा. आधी झीरो तपास, म्हणजे मिटवल्यावर शून्य दाखवतो का ते बघ, बरीच वर्षं उघडलेला नाही.

तुझा,
काका