करंगळी वाकडी, पट्टी बांधावी का?

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची आहे. करंगळी जन्मापासून अनामिकेकडे कललेली, आता जास्तच वाटते. पट्टीने सरळ होईल का?

उत्तर : नाही, दोष हाडाच्या आकारात असतो. १० अंशांपर्यंतचा कल अनेकांत असतो, त्याला हात लावू नये. कल वाढतोय, म्हणून एक्स-रे काढा. मधले हाड त्रिकोणी दिसले, तर त्याची वाढपट्टी (हाड जिथून वाढते तो कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचीक ऊतीचा थर) आखूड कडेने ‘सी’सारखी वळून ती बाजू लांब होऊ देत नाही. (तान्हेपणीच्या एक्स-रेत हे निसटते; कूर्चा त्यात उमटत नाही.) या वयात वळलेल्या वाढपट्टीचा मधला भाग काढून तिथे चरबी भरतात, नाहीतर हाड पुन्हा सांधते. बोट लगेच सरळ दिसणार नाही, वाढीबरोबर हळूहळू सुधारते. वाढ संपल्यावर हाड कापूनच सरळ करावे लागते.