ओकांनी फॉर्म भरायचा कसा? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात वेबसाइट आणि अ‍ॅपबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीग पडला. जागा तेवढीच आहे त्यामुळे चारच घेतोय, बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न: माझं वय ६७. एका ऑनलाइन अर्जात जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडलं ते चालू महिन्यावर. मागे जायला एक बारीक बाण, एका टॅपला एक महिना. मी १९९१ पर्यंत पोचलो आणि ‘वेळ संपली’ म्हणून सगळं पुसून पुन्हा पहिल्या पानावर. नातू म्हणतो, आजोबा तुम्हाला जमत नाही. खरंच माझं चुकतंय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: काका, ६७ गुणिले १२ करा, ८०४ टॅप होतात, नातवाला म्हणावं तू करून दाखव. कॅलेंडर कशासाठी असतं, तर पुढच्या आठवड्यातलं तिकीट किंवा डॉक्टरची अपॉइंटमेंट, जिथे वार बघायचा असतो. जन्मतारीख आपल्याला पाठ असते, ती शोधत कशाला बसायचं. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर म्हणूनच अशा पाठ तारखांना कॅलेंडर नसतं, दिवस महिना वर्ष असे साधे तीन चौकोन असतात, टाइप करा आणि मोकळे व्हा. तोपर्यंत एक युक्ती सांगतो, बऱ्याच अँड्रॉइड कॅलेंडरात वर जे साल दिसतं ना त्याच्यावरच टॅप करा, सालांची यादी उघडते. आता ते साल म्हणजे बटण आहे हे बघून कुणाला कळणार, असं तुम्ही म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल, कारण ते दिसतं नुसत्या मथळ्यासारखं.

वेळ संपण्याबद्दलही नियम आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची, वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून, डब्ल्यूसीएजी नावाची नियमावली आहे, त्यात अशा वेळेच्या बंधनावर जे पर्याय दिलेत त्यातला एक असा की वेळ संपायच्या आधी सांगायचं, ‘अजून वेळ हवाय का’ याला एका टॅपमध्ये ‘हो’ म्हणायला निदान २० सेकंद द्यायचे आणि अशी मुदत निदान १० वेळा वाढवू द्यायची. तुम्हाला एकदाही विचारलं नाही. मग चूक कुणाची?

प्रश्न: मी फ्रंटएंड डेव्हलपर आहे, म्हणजे वेबसाइटचा लोकांना दिसणारा भाग बनवतो. एका पतसंस्थेचा फॉर्म मराठीत केला. टेस्टिंगमध्ये सगळं ओके, लाइव्ह गेल्यावर लोकांची नावंच घेत नाही, ‘फक्त अक्षरे लिहा’ असा लाल मेसेज येतो. काही ठिकाणी मजकूर वरून कापल्यासारखा पण दिसतो. क्लायंट डोक्यावर बसलाय. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: मित्रा, पैज लावतो, टेस्टिंगला तू ‘कदम’ नाहीतर ‘भगत’ टाकलं होतंस.

होतं काय की नावात फक्त अक्षरं हवीत म्हणून आपण रेजेक्समध्ये (मजकूर तपासायचा साचा) ‘लेटर’ हा वर्ग तपासतो, इंग्रजीत काम भागतं. पण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या खुणांना नंबर देणाऱ्या यादीत, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायची खूण यांचा वर्ग लेटर नाहीये, ‘मार्क’ आहे. म्हणजे कदम पास. जोशी नापास, कारण ज आणि श लेटर पण ओकार आणि वेलांटी मार्क. कुलकर्णी नापास, पवार नापास, देशपांडे तर विचारूच नको. मग राहतात कोण, तर ओक आणि मठ, आणि त्यांना पुढची अट अडवते, ‘किमान ३ अक्षरे’. रोमनमध्ये ओक लिहिलं की तीन अक्षरं होतात म्हणून तिथे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, देवनागरीत दोनच आहेत, आता ओकांनी काय तिसरं अक्षर उसनं आणायचं?

तेव्हा रेजेक्समध्ये मार्क घे, आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं कॅरॅक्टर पण घे. ते कशाला, तर काही कीबोर्ड ‘दऱ्या’तला तो अर्धा र साध्या र ला पाय मोडून त्याच्यापुढे जॉइनर लावून टाइप करतात. सफाईच्या नावाखाली ते उडवलंस की दऱ्याचा दर्या होतो, डोंगरातला माणूस थेट समुद्रात. दुसरे कीबोर्ड त्याच्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, म्हणजे डोळ्याला एकच दिसणारं नाव डेटाबेसमध्ये दोन तऱ्हेनं साठवलं जातं आणि मग सर्चला ‘मोऱ्ये’ सापडत नाहीत. सेव्ह करतानाच एक तऱ्हा ठरव आणि सर्चमध्ये आलेला शब्दही त्याच तऱ्हेत आणून मग शोध.

किमान लांबीची अट काढूनच टाक. कमाल ठेवायची असेल तर ग्राफीम मोज, म्हणजे डोळ्याला दिसणारी अक्षरं, कोडपॉइंट म्हणजे युनिकोडमधल्या सुट्या खुणा नाही. ‘महाराष्ट्र’ आपल्याला चार अक्षरी दिसतो, म हा रा ष्ट्र, पण कोडपॉइंट दहा आहेत. सातवर कापलास तर ‘महाराष्’ उरतं, पाय मोडलेलं.

वरून कापलं जातं ते लाइन-हाइटमुळे, म्हणजे ओळीला दिलेल्या उंचीमुळे. इंग्रजीसाठी १.२ ठेवलेली असते आणि डब्याला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर जाईल ते लपवायचं. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार असे तिघं तिघं बसलेले असतात, ‘मूर्तींना’ लिहून बघ. मी १.६ च्या खाली जात नाही. आणि डिझायनरनं हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलं असेल तर आधी ते शून्य कर, नाहीतर शिरोरेघ तुटते आणि शब्द पडलेल्या दातांसारखा दिसतो. हे मी स्वतः केलंय, पहिल्या नोकरीत, छापून बॅनर लागेपर्यंत कुणी बोललं नाही. पानाला भाषा मराठी अशी लावायलाही विसरू नकोस, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात आणि ज्येष्ठ सभासद लगेच पत्र लिहितात.

अजून एक, मधलं नाव सक्तीचं करू नकोस. आपल्याकडे ते वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, आणि प्रत्येकीला ते लावायचं असतंच असं नाही.

प्रश्न: बसचं तिकीट काढताना शेवटच्या पानावर रक्कम वाढलेली दिसली. वर जाऊन बघितलं तर विम्याची टिक आधीच लावलेली. काढायला गेले तर ‘नको, मला धोका पत्करायचाय’ असं बटण. मी घाबरून राहू दिलं. हे चालतं का? (एक वाचक, कणकवली)

उत्तर: नाही चालत, ताई. या प्रकाराला डार्क पॅटर्न म्हणतात, हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१० मध्ये दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार दिलेत. तुमच्या एका तिकिटात दोन सापडले, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हा एक आणि नको म्हणणाऱ्याला लाजवणं किंवा घाबरवणं हा दुसरा. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर टाकली तर आपण खूश होतो, पण तो तिचे पैसे लावत नाही ना. स्क्रीनशॉट काढून ठेवा, रक्कम वाढण्याआधीचा आणि नंतरचा दोन्ही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. रक्कम ४० रुपये असली म्हणून सोडू नका, लाखो तिकिटांवर लावलेले ४० रुपये आहेत ते.

प्रश्न: सुनेनं सांगितलं की त्या तीन आडव्या रेघा दाबायच्या असतात. दोन वर्षं मी ती नक्षी समजत होते. (एक वाचक, वाई)

उत्तर: काकू, ती यादीची खूण आहे, एकाखाली एक ओळी. नॉर्म कॉक्स नावाच्या डिझायनरनं ती झेरॉक्स स्टार या कॉम्प्युटरसाठी काढली होती, तो १९८१ मध्ये बाजारात आला. म्हणजे खूण जुनी आहे, पण जुनी असली म्हणून माहितीची असते असं थोडंच आहे. त्या रेघांखाली ‘मेनू’ एवढा शब्द लिहिला असता तर तुमची दोन वर्षं वाचली असती. आता ती दाबलीच आहे तर त्यात ‘अक्षरांचा आकार’ मिळतो का बघा, काही अ‍ॅपवाले तो तिथेच लपवतात, आणि तिथे नसला तर फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली शोधा. सुनेला आत्ता हाक मारायची गरज नाही.